देसाईगंजची हांक

‘संमति’ हा शब्द मराठी सुशिक्षितांच्या घराघरांत पोंचला तो १८९० च्या सुमारास. त्यापूर्वीं तो कायद्याच्या पुस्तकांत होता, परंतु माजघरापर्यंत त्याची मजल गेली नव्हती. बेहरामजी मलबारींची चळवळ, कलकत्त्यास दहा-अकरा वर्षांच्या एका विवाहित बालिकेचा नवऱ्याच्या हातून झालेला अंत, १८९१ च्या मार्चमध्यें मंजूर झालेला संमतिवयाचा कायदा, आणि त्यावरून रानडे, भांडारकर, तेलंग एका बाजूस व टिळक दुसऱ्या बाजूस असा माजलेला वाद, ही सारी हकीकत वाचकांस ठाऊक आहे. त्या वादांत शास्त्राधार निघाले, वैद्यकाचे आधार निघाले, सरकारला आमच्या घरांत शिरण्याचा हक्क काय, असाही प्रश्न निघाला. मात्र वाद होता तो वयाचा. दहा कीं बारा, एवढ्यापुरताच. संमति म्हणजे काय, ती ओळखावी कशी, भयानें मुकी झालेल्या स्त्रीनें ती दिली असें म्हणावें कीं न म्हणावें, याची चर्चा कोणीं फारशी केली नाहीं. त्याच्या थोडें आधीं रखमाबाईंनीं हा प्रश्न आपल्या परीनें उभा केला होता. आपणांस न विचारतां बालपणीं लावून दिलेल्या लग्नाचा बंध मोठेपणीं मानण्याचें त्यांनीं नाकारलें. १८८७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें नवऱ्याच्या घरीं जा, नाहीं तर तुरुंगांत जा, असा हुकूम दिला. पुढें १८८८ सालीं तडजोड होऊन खटला मिटला, आणि प्रश्न जेथल्या तेथें राहिला.

त्यानंतर कायदेमंडळ वर्षें तेवढीं वाढवीत गेलें. विवाहबाह्य संबंधापुरती संमतीची मर्यादा १८९१ सालीं बारा झाली, १९२५ सालीं चौदा झाली, १९४९ सालीं सोळा झाली. वर्षें मोजणें सोपें असतें. दाखला पाहिला कीं काम भागतें. मनांतला होकार मोजावयाचा कसा, हा अवघड प्रश्न कायद्यापुढें अटळपणें येऊन उभा राहिला तो मात्र मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या सभागृहांत नव्हे. तो उभा राहिला पूर्व विदर्भाच्या अरण्यप्रदेशांत, वैनगंगेच्या आसपासच्या एका लहानशा गांवीं, पोलीसठाण्याच्या अंधाऱ्या दारापाशीं. स्त्रियांवरील अत्याचारांस आळा घालण्याचे जे उपाय सरकारनें पुढें देशभर योजले, त्यांपैकीं कित्येकांचें मूळ त्या एका रात्रींत आहे. म्हणून त्या रात्रीची व तिच्या परिणामांची हकीकत एकदां सलग सांगणें उपयोगाचें होईल.

देसाईगंज हें गांव वडसा या नांवानेंही ओळखलें जातें. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तें आहे. आज तें गडचिरोली जिल्ह्यांत मोडतें. परंतु गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा झाला, त्यापूर्वीं हा सर्व मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांतच होता. भाताचीं शेतें, सागाचीं व बांबूचीं रानें, उन्हाळ्यांत तेंदूपानांची तोडणी, आणि या सगळ्यांवर हातावर पोट घेऊन जगणारीं माणसें, असा हा प्रदेश. येथल्या गरिबाला सरकार भेटतें तें दोन-तीन रूपांत : जंगलखात्याचा नाकेदार, तलाठी आणि पोलीस. यांपैकीं पोलिसाकडे तो सहसा आपण होऊन जात नाहीं.

१९७२ सालीं या गांवीं एक पोरकी मुलगी भावाजवळ राहत होती. आईबाप लहानपणींच वारलेले. बहीणभाऊ दोघेंही मजुरी करीत. तिच्या नांवानें हा खटला साऱ्या देशांत ओळखला जातो, तथापि तें नांव आम्ही येथें लिहीत नाहीं. अशा अपराधाची शिकार झालेल्या स्त्रीचें नांव प्रसिद्ध करणें हा आतां गुन्हा आहे, आणि तो कायदा तिच्याच खटल्यांतून जन्माला आला. तिला स्वतःला मात्र त्या आडोशाचा लाभ झाला नाहीं. ती आदिवासी होती. वय, डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणें, चौदा ते सोळा वर्षांचें.

ज्या बाईच्या घरीं ती कामास जाई, तिच्या भाच्याशीं तिचें मन जुळलें व दोघांनीं लग्न करण्याचें ठरविलें. भावाला तें रुचलें नाहीं. ता. २६ मार्च १९७२ रोजीं त्यानें ठाण्यावर जाऊन, आपल्या बहिणीला या मंडळींनीं पळविलें, अशी तक्रार दिली. रात्रीं नऊच्या सुमारास सर्वांना ठाण्यावर आणण्यांत आलें. जबान्या झाल्या. साडेदहाच्या सुमारास तक्रार लिहून घेणारा हवालदार, मुलीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल आणावयास भावाला सांगून, घरीं निघून गेला. मंडळी परतूं लागलीं, तोंच ठाण्यावरील एका शिपायानें मुलीला थांबावयास सांगितलें व इतरांना बाहेर जाण्यास फर्माविलें. दार लागलें, दिवा मालवला गेला. शिपायानें तिच्यावर बलात्कार केला, आणि दारूच्या नशेंत असलेल्या दुसऱ्या एका हवालदारानें तिच्या अंगाशीं झोंबाझोंबी केली, अशी तिची फिर्याद होती.

या हकीकतींतील एका व्यक्तीकडे इतिहासकारांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. ती व्यक्ति म्हणजे मुलीला कामावर ठेवणारी ती बाई. अंधार झालेला व दार आंतून लागलेलें पाहून तिला संशय आला. ती ठाण्याच्या मागल्या बाजूस गेली आणि तिनें मुलीला हांका मारल्या. तिच्या आरड्याओरड्यानें गांव जमा झालें. मुलगी बाहेर आली व झालें तें तिनें सांगितलें. बाईनें तिला डॉक्टरकडे नेलें. डॉक्टरांनीं पोलिसांत फिर्याद देण्यास सांगितलें. म्हणजे जेथून पळून यावयाचें तेथेंच दाद मागावयास जावयाचें! पण तोंवर जमाव इतका खवळला होता कीं त्या शिपायाला मारावयास व ठाणें जाळावयास तो निघाला होता. घरीं गेलेल्या हवालदाराला बोलावून आणलें गेलें. त्यानें लोकांची समजूत घातली आणि मुलीची फिर्याद लिहून घेतली. त्या रात्रीं हांक मारणारी बाई नसती, किंवा ती ऐकून येणारें गांव नसतें, तर कागदावर एक अक्षर उमटलें नसतें. पुढचीं तीन न्यायालयें, कायदे-आयोग, संसद, हें सारें त्या हांकेच्या मागून आलें.

आतां न्यायालयांकडे वळूं. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनीं १ जून १९७४ रोजीं दोघांही आरोपींना निर्दोष सोडलें. मुलगी धडधडीत खोटें बोलते, असा त्यांचा अभिप्राय पडला. तिला पुरुषसंबंधाची संवय होती, असें वैद्यकीय तपासणीवरून त्यांनीं धरून चालविलें. शरीरसंबंध झाला असावा, पण बलात्कार सिद्ध होत नाहीं, आणि आपल्या माणसांपुढें शालीन ठरण्यासाठीं तिनें ही कथा रचली असावी, असें त्यांचें अनुमान होतें. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं हा निर्णय फिरविला. आरोपी तिला सर्वस्वीं परके. त्यांच्याकडे ती आपण होऊन वळेल हें संभवत नाहीं. पुढाकार शिपायाचा होता, आणि भयानें किंवा धाकानें देह स्वाधीन करणें म्हणजे इच्छा नव्हे, असें त्या न्यायाधीशांनीं स्वच्छ लिहिलें. शिपायाला पांच वर्षांची व हवालदाराला एक वर्षाची शिक्षा झाली. परंतु प्रकरण दिल्लीस गेलें, आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं, न्या. कोशल यांनीं लिहिलेल्या निकालानें, दोघांनाही सोडून दिलें. मुलीच्या अंगावर जखमेची खूण नाहीं, तेव्हां तिनें कसून प्रतिकार केला ही गोष्ट खोटी ठरते. झाला प्रकार शांतपणें पार पडला असला पाहिजे. भाऊ वगैरे माणसें जवळ असतां तिनें त्यांना हांक मारली नाहीं, मुकाट्यानें शिपायामागें गेली, यावरून तिची संमति होती असें दिसतें, ही त्या निकालांतील विचारसरणी.

या युक्तिवादाचें मूळ शोधूं गेलें असतां आपण फार दूर जाऊन पोंचतों. आमचा फौजदारी कायदा इंग्रजांनीं दिला, आणि त्या कायद्याची वृत्ति त्यांच्या जुन्या परंपरेंत घडली. तेराव्या शतकांतील ब्रॅक्टनच्या ग्रंथांत अशा स्त्रीनें काय करावें हें सांगितलें आहे : तिनें तत्काळ जवळच्या गांवांत धांवत जावें, आक्रोश करावा, आणि भल्या माणसांना आपलें रक्त, आपल्या जखमा व फाटलेलें वस्त्र दाखवावें. सतराव्या शतकांत सर मॅथ्यू हेल या विद्वान् न्यायाधीशानें, हा आरोप करावयास सोपा व निवारावयास कठीण आहे, असा इशारा दिला, आणि तो इशारा पिढ्यान् पिढ्या वकिलांच्या मुखीं राहिला. स्त्रीच्या शब्दाला जखमेची जोड पाहिजे, हें सूत्र असें पक्कें झालें. देसाईगंजला आक्रोश तत्काळ झाला होता, भला गांव जमला होता, त्याच रात्रीं फिर्यादही झाली होती. ब्रॅक्टनच्या कसोटीचा अर्धा भाग तर पुरा उतरत होता. उणीव राहिली ती जखमेची! शिवाय ठाण्याच्या आंत, गणवेषधारी शिपायापुढें, अर्ध्या रात्रीं, एका मजूर पोरीनें झटापट करावी, ही अपेक्षा करणाऱ्यांनीं ठाणें पाहिलें होतें तें खुर्चीवर बसून. त्या पोरीनें पाहिलें तें उंबऱ्याबाहेरून.

आमच्याकडेही मौन हें संमतीचें लक्षण मानण्याची जुनी चाल आहे. मुलीला दाखविण्याच्या समारंभांत ती खालीं मान घालून बसली कीं होकार समजावा, हें आपण घरोघर पाहिलेलें आहे. मौनाचा अर्थ सोयीप्रमाणें लावण्याची संवय न्यायासनालाच लागली होती असें नाहीं. याच गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली; ती १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाली. त्या स्त्रियांपैकीं शेंकडा ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या होत्या शेंकडा ८. बाकीच्या गप्प होत्या. त्या सुखी होत्या म्हणून गप्प होत्या, असें कोणी म्हणेल काय? विचारणारें माणूस भेटलें नव्हतें, एवढाच त्या मौनाचा अर्थ. द्यूतसभेंत द्रौपदीनें प्रश्न तरी विचारला. भीष्मासारख्या वडीलधाऱ्यांनाही त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. ज्यांना प्रश्नही विचारतां येत नाहीं त्यांची गत काय होते, तें १९७८ च्या या निकालानें दाखविलें.

निकाल लागला तेव्हां फारशी खळबळ झाली नाहीं. कायद्याच्या अहवालांत तो छापून आला व पडून राहिला. वर्षभरानें, १६ सप्टेंबर १९७९ रोजीं, कायद्याच्या चार अध्यापकांनीं भारताच्या सरन्यायाधीशांस एक अनावृत पत्र लिहिलें : दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार व रघुनाथ केळकर, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. न्यायाधीशांवर टीका करणें हें त्या काळीं अध्यापकांना न शोभणारें साहस समजलें जाई. पत्राची भाषा विनयाची होती, पण मुद्दे रोखठोक होते. संमतींत स्वाधीन होणें येतें; परंतु स्वाधीन झाली म्हणजे संमति दिली असें होत नाहीं, हा भेद न्यायालय विसरलें. मुलीचें वय, तिचें दारिद्र्य, ठाण्यांतील पोलिसांची सत्ता, यांचा विचारच झाला नाहीं. १९७४ पासून अमलांत आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणें साक्षीदार स्त्रीला तिच्या राहत्या घराबाहेर जबानीस बोलवावयाचें नसतें, आणि १९७८ च्या एप्रिलमध्यें नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यांत याच सर्वोच्च न्यायालयानें त्याबद्दल पोलिसांना खडसावलें होतें. मग अवघ्या पांच महिन्यांनीं एका मजूर मुलीला रात्रीं ठाण्यांत थांबवून घेतल्याबद्दल निषेधाचा एक शब्दही कां नसावा? मोठ्या पदावरील स्त्रीला एक न्याय आणि रोजंदारीवरील स्त्रीला दुसरा, असें लोकांनीं समजावें काय?

पत्राचा परिणाम न्यायालयावर झाला नाहीं. पुनर्विचाराचा प्रयत्न फसला. परिणाम झाला तो रस्त्यावर. १९८० च्या आरंभीं मुंबईंत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला. नागपुरांत सीमा साखरे यांनीं स्त्री अत्याचार विरोधी परिषदेच्या द्वारें हें प्रकरण लोकांपुढें नेलें. ८ मार्च १९८० रोजीं देशांतील अनेक शहरांत स्त्रियांचे मोर्चे निघाले. ज्या शब्दाचा उच्चार चारचौघांत करणें असभ्य समजत, तो शब्द फलकांवर लिहून सुशिक्षित घरांतील लेकीसुना भर दुपारीं रस्त्यानें चालल्या. अब्रू गेली ती अत्याचार करणाराची, सोसणारीची नव्हे, एवढें त्यांनीं त्या चालण्यानें सांगितलें. संमतिवयाच्या वादांत बोलणारे प्रामुख्यानें पुरुष होते. आतां स्त्रिया स्वतः बोलूं लागल्या, हा त्या नव्वद वर्षांतला खरा फरक.

सरकार हललें तें यानंतर. प्रश्न कायदे-आयोगाकडे गेला, आणि न्या. पी. व्ही. दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालीं आयोगानें १९८० च्या एप्रिलमध्यें आपला चौऱ्यायशींवा अहवाल दिला. विधेयक आलें, संयुक्त समितीकडे गेलें, आणि १९८३ सालचा ४३ वा कायदा होऊन त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरपासून अमलांत आला. १८६० च्या दंडसंहितेंतील बलात्काराच्या कलमांत एवढा मोठा फेरफार तोंपर्यंत झाला नव्हता. त्या कायद्याचीं कलमें वाचतांना देसाईगंजची रात्र डोळ्यांपुढें उभी राहते. पोलीस, तुरुंगाधिकारी, रुग्णालयाचे कर्मचारी, म्हणजे ज्यांच्या ताब्यांत स्त्री असते अशांनीं हा अपराध केल्यास किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. अशा खटल्यांत संबंध झाला हें सिद्ध झालें आणि ‘माझी संमति नव्हती’ असें स्त्रीनें न्यायालयांत सांगितलें, तर संमति नव्हती असेंच गृहीत धरावें, असें पुराव्याच्या कायद्यांत कलम ११४-अ घालून ठरविलें. पुराव्याचें ओझें सत्तेच्या खांद्यावर गेलें. सुनावणी बंद दालनांत व्हावी, आणि पीडितेचें नांव छापूं नये, हेंही ठरलें. सरकारनें स्वतःच्याच माणसांविरुद्ध, स्वतःच्याच ठाण्याविषयीं, असा संशय कायद्यांत लिहून ठेवावा, ही गोष्ट लहान नव्हे. स्त्रियांचें रक्षण करीन असें म्हणणाऱ्या राज्याला, आधीं आपल्याच हाताकडे पाहावें लागलें.

परंतु कायदा झाला म्हणजे वृत्ति पालटली, असें मानणाऱ्याची निराशा होते. आयोगानें सुचविलेलें एक महत्त्वाचें कलम संसदेनें १९८३ सालीं घेतलें नाहीं. स्त्रीचें पूर्वायुष्य उकरून तिची साक्ष हलकी पाडण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यांत होती. ती तशीच राहिली, आणि २००२ सालच्या दुरुस्तीनें गेली. म्हणजे चंद्रपूरच्या न्यायालयांत त्या मुलीविरुद्ध जें हत्यार वापरलें गेलें, तें आणखी वीस वर्षें वकिलांच्या हातांत राहिलें. किमान शिक्षेची कथाही तशीच. हरियाणांतील दोन पोलिसांना नव्या कायद्याप्रमाणें दहा वर्षांची शिक्षा झाली होती. १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मुलीच्या वागणुकीकडे बोट दाखवून ती पांच वर्षांवर आणली. कलम नवें होतें, पण तें वाचणारी नजर जुनीच होती. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करूं नये, अपवाद करावयाचा तर स्त्री-अधिकाऱ्यानें दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, हा नियम २००६ सालीं अमलांत आला.

उरलेला मजकूर भरून निघाला तो दिल्लींतील १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर. न्या. जगदीश शरण वर्मा यांच्या समितीनें २३ जानेवारी २०१३ रोजीं अहवाल दिला, आणि त्या वर्षींच्या कायद्यानें संमतीची व्याख्या केली : ती स्वेच्छेची व निःसंदिग्ध असली पाहिजे, आणि स्त्रीनें अंगानें प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून ती होती असें समजूं नये. १९७६ सालीं नागपूर खंडपीठानें जें सांगितलें होतें तें कायद्याच्या पुस्तकांत येण्यास ३७ वर्षें लागलीं. फिर्याद लिहून घेण्यास नकार देणारा पोलीसही त्या कायद्यानें दंडास पात्र ठरला. स्त्रीच्या शरीराची ती अपमानकारक बोटांची तपासणी, जिच्या आधारें ‘संवय’ ठरविली जाई, तिच्याविरुद्धचा एक लढा विदर्भांतच लढला गेला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेंतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनीं अशा तपासण्यांच्या दुर्दशेवर २०१० सालीं अहवाल लिहिला, आणि तो विषय जनहितयाचिकेच्या रूपानें नागपूर खंडपीठापुढें गेला. २०१३ व पुन्हां २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती तपासणी निषिद्ध ठरविली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. व्याख्या तिच्या ६३ व्या कलमांत तशीच आली आहे.

हें दिल्लीचें झालें. पण ज्या अरण्यप्रदेशांत हांक उठली, तेथल्या स्त्रियांनीं सरकारकडे स्वतः होऊन काय मागितलें, हेंही पाहिलें पाहिजे. त्यांनीं कलमें मागितलीं नाहींत. दारूचें दुकान बंद करा, असें म्हटलें. घरांतील मारहाण कोठून सुरू होते, हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. १९७२ च्या त्या ठाण्यांतील हवालदारही नशेंत होता, असें खटल्याचे कागद सांगतात. गडचिरोलींत अभय व राणी बंग आणि इतर अनेक कार्यकर्त्यांच्या साहाय्यानें लोकचळवळ उभी राहिली, आणि १९९३ सालीं त्या जिल्ह्यांत दारूबंदी झाली. चंद्रपुरांत पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेनें हा प्रश्न हातीं घेतला. २०१० च्या डिसेंबरांत हजारों स्त्रिया चिमूरहून पायीं चालत नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरांत बंदी लागूं झाली. २०२१ च्या मे महिन्यांत मंत्रिमंडळानें ती उठविली. चोरटी दारू वाढली व महसूल बुडाला, ही कारणें पुढें आलीं. बंदीच्या गुणदोषांविषयीं विचारी माणसांत मतभेद आहेत व ते राहतील. आमचा मुद्दा निराळा आहे. ज्यांनीं एवढी पायपीट करून मागणी केली, त्यांना बंदी उठवितांना कोणीं विचारलें? दुकान उघडावयाचें तरी तिची संमति कोठें घेतली गेली? शब्द तोच, आणि तो पुन्हां तसाच बाजूस सारला गेला.

महाराष्ट्र सरकारनें १९९३ सालीं राज्य महिला आयोग स्थापिला, १९९४ सालीं महिला धोरण जाहीर केलें. घरांतील हिंसेविरुद्धचा केंद्राचा कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून अमलांत आला. हे सर्व प्रयत्न स्तुत्य आहेत, आणि त्यांची थट्टा करणें हा केवळ आळशी शहाणपणा होय. परंतु त्यांचा क्रम ध्यानांत ठेवला पाहिजे. सरकारचें पाऊल या विषयांत बहुधा दुसरें असतें. पहिलें पाऊल कोणी तरी निनांवी बाई टाकते. ठाण्याच्या मागें जाऊन ती हांक मारते. मग गांव येतें, मग अध्यापक पत्र लिहितात, मग मोर्चा निघतो, आणि शेवटीं गॅझेटांत मजकूर येतो. पहिलें पाऊल पडलें नाहीं तर बाकीचीं पडत नाहींत.

आणि पहिलें पाऊल अजून न पडलेली एक जागा आहे. १८६० च्या संहितेंत पतीला दिलेला अपवाद २०२४ च्या संहितेंतही ठेवलेला आहे. पत्नी अठरा वर्षांची झाली असेल तर तिच्या संमतीचा प्रश्न बलात्काराच्या कलमांत उद्भवत नाहीं. ठाण्याच्या दाराआड काय झालें हें विचारण्यास कायदा शिकला, परंतु घराच्या दारापाशीं तो अजून थबकतो. रखमाबाईंचा प्रश्न तेथें उभा आहे. त्याचें उत्तर केव्हां व कसें द्यावें, हें कायदेपंडित ठरवितील. पण आम्हा सुशिक्षित कुटुंबांना तोंवर थांबण्याचें कारण नाहीं. घरांतील मुलगी खालीं मान घालून गप्प बसली असतां तिचा होकार गृहीत धरावयाचा कीं तिला विचारावयाचें, यासाठीं कोणत्याही संहितेची वाट पाहावी लागत नाहीं.

त्या मुलीच्या पदरांत या सगळ्यांतून काय पडलें? निकाल तिच्याविरुद्ध गेला तो गेलाच. नवे कायदे मागील अपराधांना लागूं होत नाहींत. देशांतील लाखों स्त्रियांना जें थोडेंबहुत संरक्षण मिळालें त्याची किंमत तिनें दिली, आणि तिला पावतीही मिळाली नाहीं. तिच्या उपकाराची फेड करावयाची तर ती एकाच रीतीनें होईल. कोठल्याही ठाण्यांत, कचेरींत, किंवा घरांत अवेळीं दिवा मालवलेला दिसला, तर त्या बाईप्रमाणें मागल्या दाराशीं जाऊन हांक मारावी, आणि हांक ऐकूं आली तर त्या गांवाप्रमाणें उठून यावें.